खाऱ्या जमिनीवरचे खळे

चोपण्याचा आवाज तीन तुकड्यांत येतो. आधी लाकूड हवेतून खाली येताना, वाळत घातलेले लुगडे फडफडावे तसा एक श्वास. मग ओल्या मातीवर बसणारी सपाट, भरीव थाप. आणि मग चोपणे वर उचलताना, माती त्याला सोडायला नाखूश असल्यासारखी, एक बारीकशी पचक. पहिले दोन आवाज चार घरे पलीकडेही ऐकू जात. तिसरा मात्र दोघांनाच ऐकू येई: जो उकिडवा बसून माती चोपतो आहे त्याला, आणि जी त्याच्या शेजारी पाण्याचा तांब्या धरून उभी आहे तिला. चोपणारे आमचे अण्णा होते आणि तांब्यावाली मी. नववीत शिकणारी, नको तितक्या कविता पाठ असलेली आणि तांब्या सरळ धरता न येणारी. चोपणे म्हणजे मुठीपाशी वाकलेली आणि तळाशी सपाट अशी एक जाड लाकडी फळी. अण्णांनी ती रबाळ्याच्या एका कारखान्यातल्या ओळखीच्या सुताराकडून करून आणली होती, आणि त्या सुताराने आयुष्यभर खोकीच ठोकलेली असल्यामुळे तिच्या पाठीवर ‘ही बाजू वर’ असा बाण उमटलेला राहून गेला होता. दिवसभर गोदीच्या कचेरीत जहाजांच्या कागदांवर शिक्के मारायचे आणि संध्याकाळी जुईनगरच्या नव्या घरापुढे माती बडवायची, असा अण्णांचा तेव्हा दिनक्रम होता. आई म्हणे, “कचेरीत काय नि अंगणात काय, थापा मारायचंच काम.”

घर आम्हाला सोडतीत लागले होते. एकमेकांना पाठ लावून बसलेल्या बैठ्या घरांची ती ओळ होती. प्रत्येक घरापुढे बारा पावले लांब आणि नऊ पावले रुंद असा जमिनीचा एक तुकडा, ज्याला कागदावर ‘मोकळी जागा’ असे नाव होते. बहुतेकांनी त्या मोकळ्या जागेची पहिल्याच वर्षी सुटका करून टाकली: कोणी लाद्या बसवल्या, कोणी लोखंडी जाळी लावून तिची खोली केली, कोणी तीत स्कूटर आणि पाण्याचे पिंप असे जोडपे नांदवले. अण्णांना मात्र तिथे खळे करायचे होते. तळकोकणातल्या त्यांच्या गावी दिवाळी सरली की प्रत्येक घरापुढची माती उकरून, भिजवून, चोपून, शेणाने सारवून तिचे खळे करतात, आणि मग पावसाळ्यापर्यंत सगळे घर त्या खळ्यावर येऊन राहते; तिथेच सुपारी कातरली जाते, तिथेच भांडणे होतात, तिथेच ती मिटतात. “खळ्याशिवाय घर म्हणजे पदराशिवाय लुगडा,” अण्णा म्हणत. त्यावर आई म्हणे, “आणि माणसांशिवाय खळं म्हणजे?”

हा प्रश्न साधा नव्हता. आईचे सारे आयुष्य परळच्या एका चाळीत, तिसऱ्या मजल्यावरच्या लांबलचक गॅलरीत गेले होते. तिथे तिला वाटी हवी असली तर ती उठत नसे. नुसते “अगं” म्हणे आणि चार दारांतून चार वाट्या येत. इथे जुईनगरला ती “अगं” म्हणाली की मी येत असे, आणि माझ्याकडे वाटी नसे. त्या वर्षी तिने एप्रिलपर्यंतचे सगळे दिवस खिडकीच्या गजांपाशी काढले, आणि खाडीला ओहोटी लागून चिखलाचा वास आला की खिडकी लावून घेत “आला तुमचा पाहुणा” असे अण्णांना ऐकवले. चाळीतली खोली अजून आमच्याच नावावर होती. तिथल्या मालकाला चैत्र संपायच्या आत उत्तर हवे होते, ठेवता की सोडता. आणि ते उत्तर त्याच चाळीत राहणाऱ्या माझ्या मामाने त्याच्या कानावर घालायचे होते. अण्णा सोडायची म्हणत. मग एके दिवशी भाकरी थापता थापता आई म्हणाली, “चैत्रातलं हळदीकुंकू मी ह्या अंगणात करीन. बारा बायका आल्या तर खोली सोडा. नाही आल्या तर मी आणि ही पोर परळला जाणार. तुम्ही बसा खळ्यात, चोपणं घेऊन.” हळदीकुंकवाचा हा प्रकार मुळात आमच्या घरचा नव्हताच, आईने तो चाळीतल्या शेजारणींकडून उचलला होता आणि आता ती त्याची वहिवाटदार असल्यासारखी बोलत होती. अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, “बारा? मी वीस आणीन.” बायका आणणे हे आपले काम नव्हे हे त्यांच्या लक्षात यायला तो तुकडा संपावा लागला.

मी कोणाच्या बाजूने होते, असे माझी नात मला विचारते. खरे सांगायचे तर त्या वयात मी ज्याच्या हातची भाकरी असेल त्याच्या बाजूने असे. पण अण्णा चोपायला बसले आणि तो तिसरा आवाज कानावर आला की माझी निष्ठा डळमळे.

आता चुकीबद्दल. त्या मोकळ्या जागेत बांधकामाचा राडारोडा टाकून वर मुरमाचा एक पातळ थर पसरलेला होता: विटांचे तुकडे, फुटक्या लाद्या, सिमेंटची दगड झालेली ढेपळे. अण्णांनी माघातल्या रविवारांना पहार आणि घमेले घेऊन ते सगळे डबर उपसले. “घाण सगळी,” असे म्हणत त्यांनी एकेक घमेले गल्लीच्या टोकाशी, नाल्याच्या कडेला नेऊन ओतले. गुडघाभर खाली गेल्यावर राखाडी माती लागली. मी ती बोटांत घेतली तेव्हा ती इतकी मऊ लागली की मला लोणी आठवले, आणि गार इतकी की शिशिरातली पहाट. अण्णांचे डोळे भरून आले होते. निदान मला तसे आठवते, घामही असेल. “बघ,” ते म्हणाले, “ह्या लोकांनी सोनं कचऱ्याखाली गाडून ठेवलंय.”

त्यांना अडवू शकणारी एकच व्यक्ती होती, आणि ती नेमकी उरणला गेलेली होती. चांगुणाकाकी शेजारच्या जुन्या गावातली. हा सगळा परिसर पूर्वी तिच्या आणि तिच्या भाऊबंदांच्या मालकीचा. आता गावात तिचे तीन मजल्यांचे घर होते आणि वरच्या दोन्ही मजल्यांवर भाडेकरू होते. पण पाय जुन्या वाटा विसरत नाहीत. ती रोज सकाळी गुडघ्यापर्यंत नेसलेल्या लुगड्यात, कमरेवर टोपली घेऊन, आमच्या ओळीतून थेट खाडीकडे जाई, कारण तिचा बांध पूर्वी इथूनच जात होता. सिमेंटचे कुंपण आडवे आले की ती त्याच्याकडे, सुनेने वाटेत ठेवलेल्या पाटाकडे पाहावे तसे पाही आणि वळसा घेई. आमच्या पायरीवर बसणे हा तिचा हक्कच होता. पण त्या माघात तिची लेक उरणला बाळंत झाली आणि काकी दोन-अडीच महिने तिकडे अडकली.

सारवायला शेण हवे होते आणि ते गावातल्या गोठ्यातून आणायचे काम माझ्यावर पडले. शाळा सुटली की गणवेशातच, तुपाचा रिकामा पत्र्याचा डबा घेऊन मी गावात जाई आणि भरलेला डबा ओढणीने झाकून परत येई. एकदा वाटेत पद्मा भेटली. पद्मा माझ्या वर्गातली; तिची आई वसंतीमॅडम आमच्याच शाळेत गणित शिकवत आणि आमच्याच ओळीत शेवटच्या घरात राहत. पद्माने विचारले, “डब्यात काय?” मी म्हणाले, “मेंदी.” तिने झाकण उचलून पाहिले. वरून तो रंग खरोखरच मेंदीचा होता. “इतकी?” ती म्हणाली. “लग्न आहे,” मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी वर्गात माझ्या न झालेल्या बहिणीच्या लग्नाची चौकशी झाली, आणि पुढचा आठवडाभर मी कवितेपेक्षाही कठीण अशी एक गोष्ट करत होते: नवरदेवाचे वर्णन.

खळे झाले तेव्हा मात्र फार देखणे झाले. चोपून चोपून त्या मातीला परातीसारखी लकाकी आली होती. त्यावर शेणाचा पातळ हात, आणि त्या हातात आईच्याच बोटांच्या अर्धचंद्राच्या लाटा. होय, सारवले आईनेच. अण्णांचे हात लागले तेव्हा “हे काय, पोस्टर चिकटवताय?” म्हणून तिने त्यांना उठवले होते. कोपऱ्यात तुळस लावली, एका बाजूला बांबूच्या चार खांबांवर माडाच्या झापांचा छोटा मांडव घातला, त्याखाली बाज टाकली. संध्याकाळी अनवाणी उभे राहिले की तळपायांना एक हिरवा गारवा लागे. आज मी ज्या चौदाव्या मजल्यावर राहते तिथल्या बाल्कनीत सुनेने प्लास्टिकचे गवत अंथरले आहे, झुलणारी वेताची खुर्ची टांगली आहे आणि त्या सगळ्याला ती ‘आउटडोअर’ म्हणते. खुर्ची छान आहे. गवतावर मात्र मी चप्पल घालूनच जाते; अनवाणी पायांना त्याच्याकडून काहीच उत्तर येत नाही.

पंधरा दिवसांनी एका सकाळी खळ्यावर पांढरे आले. आधी वाटले दव. मग अण्णांना वाटले, मी रांगोळीचा डबा सांडला. मी नाकबूल झाले. दुपारपर्यंत तो पांढरा पदर कडांनी जाड झाला, आणि दुसऱ्या दिवशी लकाकणाऱ्या मातीला, तापलेल्या दुधाच्या सायीसारख्या सुरकुत्या पडून, भेगा गेल्या. तुळशीची पाने टोकांकडून तपकिरी झाली. आईने वाकून बोटाला ते पांढरे लावले, जिभेवर ठेवले आणि शांतपणे म्हणाली, “मीठ. चला, आमटीला आता वाण्याकडे जायला नको.”

एवढ्यावर थांबते तर बरे होते. पण अण्णांना वाटले की हे कोणाचे तरी काम आहे. आणि ‘कोणाचे तरी’ म्हणजे घोडकेबाईंचे. घोडकेबाई आमच्या भिंतीला भिंत लावून राहत. सोलापूरकडच्या, मोठ्या आवाजाच्या, आणि चोपण्याच्या थापांनी त्यांच्या नवऱ्याची रविवारची दुपारची झोप मोडते अशी तक्रार दोनदा केलेल्या. अण्णा त्यांच्या दारात गेले आणि गोदीतली कागदी सभ्यता पणाला लावून म्हणाले, “तुमच्याकडच्या लोणच्याच्या बरण्या विसळलेलं पाणी आमच्या खळ्यात येतंय, असं माझ्या निदर्शनास आलंय.”

“आवं, बरण्या?” घोडकेबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. “आमच्यात लोणचं दिवाळीपत्तूर पुरत न्हाई, बरण्या चाटून पुसून ठिवतो आमी. त्याचं पाणी कुठलं वतू? आन् मिठाचंच म्हणाल, तर ते इकत येतंय. तुमच्या अंगणात टाकाय मला काय येड लागलंय व्हय?”

“मग आलं कुठून?”

“तुमी रोज बडवताय त्येला. रडलं असंल.”

गजांपाशी उभी राहून आई हे ऐकत होती. अण्णा परत आले तेव्हा ती एवढेच म्हणाली, “बारांतली एक गेली. अकरा उरल्या.” आणि मग, जरा वेळाने, माझ्याकडे वळून: “तसं तर अकराही कुठे आहेत म्हणा.” त्या संध्याकाळी तिने माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढून पुसली. ट्रंक पुसण्यात तसे काहीच नसते. पण तिने ती आतूनही पुसली.

चांगुणाकाकी परतली ती चैत्राच्या मध्यावर. पायरीवर टेकली, टोपली ठेवली, खळ्याकडे पाहिले, आणि पोट धरून हसायला लागली. अण्णा बनियनवर बाहेर आले.

“डबर कुनी कारला?” तिने विचारले.

“मीच काढलं, काकी. घाण होती सगळी.”

“घान?” काकी डोळे पुसत म्हणाली. “अण्णा, इकरं आमचा आगर व्हता. मिटाचा आगर. माजे सासऱ्याचे हातचा. तुमचे पायाखाली मीट हाय, मीट. डबर व्हता म्हनून ता खाली गप निजलेला. तुमी त्याचा पांघरून कारलाव, आन् वरशी थापट्या मारून मारून त्याला उठवलाव. मीट बोललं, चला, आमना बोलवतान.”

ज्या मातीला अण्णा सोने समजले ती मिठागराच्या तळाची माती होती. आणि जितके ती चोपून घट्ट केली तितके खालचे खारे पाणी, कंदिलाच्या वातीतून तेल चढावे तसे, तिच्यातून वर चढत गेले होते. पाणी उन्हाने गेले, मीठ राहिले. अण्णांनी वाकून भेगेतला एक पापुद्रा उचलून पाहिला. मग त्यांच्यातला कोकण जागा झाला. “पण काकी, खळा चोपूकच लागता. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या...”

“तुमचेकरं डोंगराची माती. ती चोपा नायतर झोपवा,” काकी म्हणाली. “इकरं डबर परत टाका. तेच्यावर डोंगराची लाल माती. आन् चोपू नका, पायानं तुडवा. आगराचा तल आमी बाया पायानंच बसवायचो. लाकराचा मार माती इसरते. पायाचा नाय इसरत.”

पुढे तिने जी अट सांगितली ती ऐकून आईने हातातली पळी खाली ठेवली. आगराचा तळ एकट्या घरच्या बायका कधी बसवत नाहीत. आजूबाजूच्या आगरांच्या बाया येतात आणि मग त्यांच्या आगरांवर आपण जायचे. “मी माजे गावच्या चारपाच आनीन. बाकीचे पाय तुमचे वलीतले पायजेत. शेजारनीचा पाय लागल्याबिगर तल बसत नाय.” ही अट खरोखर मिठागरातली होती की काकीने आईचा चेहरा पाहून ती जागच्या जागी तयार केली, हे मला आजवर कळलेले नाही. पुढे कैक वर्षांनी मी तिला विचारलेही. ती तेव्हा फार थकली होती. ती म्हणाली, “तल बसला ना? मंग.”

अण्णांनी पुढचे दोन रविवार नाल्याकाठचे डबर परत आणण्यात घालवले. तेच तुकडे, तीच घमेली, उलट्या दिशेने. ओळीतले लोक फाटकापाशी उभे राहून पाहत. कोणी विचारले, तर अण्णा म्हणत, “हवा लागावी म्हणून बाहेर ठेवलं होतं.” लाल माती काकीच्या पुतण्याच्या ट्रकमधून बुधवारी यायची होती आणि हळदीकुंकू शुक्रवारी ठरले होते. मधल्या गुरुवारी तुडवायचे, सारवायचे, शुक्रवारी कोरड्या खळ्यावर बायका बसवायच्या, असा नेटका बेत होता. आणि त्याच शुक्रवारी संध्याकाळी सातला मामा चाळीखालच्या वाण्याच्या दुकानात फोनपाशी थांबणार होता. मी स्टेशनजवळच्या बूथवरून त्याला उत्तर कळवायचे होते. मालकाची मुदत तिथे संपत होती.

बोलावणी करायला आई बाहेर पडली तेव्हा मला बरोबर घेऊन गेली. सगळ्यांत आधी कुठे जायचे हे तिने ठरवून टाकले होते. घोडकेबाईंनी दार अर्धेच उघडले.

“हळदीकुंकवाला या,” आई म्हणाली.

“बघते.”

“आणि त्याच्या आदल्या दिवशी पाय द्यायला या.”

“काय द्यायला?”

“पाय. आमच्याकडे चिखल तुडवायचाय.”

दार आणखी थोडे उघडले. “आवं, आमच्याकडं खळं बैलं तुडवत्यात,” घोडकेबाई म्हणाल्या. “तुमच्याकडं बायका?”

“बैल एक होता आमच्याकडे,” आई म्हणाली. “त्यानंच सगळा घोळ घातला. तुमच्या दारापर्यंत येऊन गेला, मला माहीत आहे. त्याच्या वतीनं मी आलेय.”

घोडकेबाईंच्या ओठाचा कोपरा हलला, पण त्या पुन्हा “बघते” म्हणाल्या आणि दार लागले. वसंतीमॅडम म्हणाल्या, “येते. पण मला आधी सांगा, किती जणी, किती वेळ, किती क्षेत्रफळ?” बाकीच्या दारांतून ‘बघते’, ‘जमलं तर’, ‘ह्यांना विचारते’ अशी उत्तरे मिळाली. परत येताना आई बोटांवर मोजत होती. एका हाताची बोटेही पुरी होत नव्हती.

ट्रक बुधवारी आला नाही. गुरुवारीही आला नाही. शुक्रवारी दुपारी तीन वाजता, आंब्याची डाळ वाटून झालेली, पन्हे माठात घातलेले, हरभरे भिजून टपोरे झालेले, आई धुवट जरीच्या साडीत आणि मी परकर-पोलक्यात असताना, तो ओळीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला आणि त्याने आमच्या दारात एक लाल डोंगर ओतला. त्या मातीचा वास अजून माझ्या नाकात आहे: उन्हात तापलेल्या कौलाचा, त्यात कुठेतरी काजूच्या मोहराची आंबट लहर. अण्णा त्या वासाने दोन मिनिटे गावी जाऊन आले. परतल्यावर म्हणाले, “हळदीकुंकू उद्या करूया.”

“मालक उद्यापर्यंत थांबतोय?” आई म्हणाली.

अण्णांनी आणि मी माती पसरली, नळाची रबरी नळी सोडून ती भिजवली. साडेपाचला खळ्याच्या जागी घोट्याइतका लाल चिखल होता आणि चांगुणाकाकी तिच्या चार जावा-नणंदांना घेऊन हजर होती. तिने चिखलात बोट खुपसून पाहिले. “आत्ताच तुडवायला पायजे. रातभर रायला तर सकालच्याला फुटंल.” पाच जणी उतरल्या. सहावी आई, जरीची साडी गुडघ्यांवर खोचून. मी सातवी. आणि फाटकाबाहेर एकेक करून बायका येऊ लागल्या होत्या, हळदीकुंकवाला नटून, हातात छोटी पर्स, केसांत गजरे; आणि आत चिखल पाहून तिथेच थांबत होत्या. कोणी घड्याळ पाहिले. कोणी म्हणाले, “मग येतो हं, तुमचं काम होऊ दे.” एक जण तर वळलीसुद्धा. आईचे तुडवणे थांबले. ती त्या पाठमोऱ्या साडीकडे पाहत होती, आणि मला तिच्या मनातली पुसलेली ट्रंक दिसत होती.

“वळल्या कुटं?” मागून एक मोठा आवाज आला. घोडकेबाई होत्या. हिरवी इरकल, नाकात नथ. त्यांनी फाटक ढकलले, चपला काढल्या, इरकलीचा ओचा असा काही वर खोचला की चांगुणाकाकीने तोंडावर हात ठेवला, आणि त्या सरळ चिखलात उतरल्या. “हितं माझ्यावर लोणच्याचं बालंट आलतं,” त्या तुडवत म्हणाल्या. “माझ्या पायाखाली बसलं पायजे मीठ. सरका.”

मग फार वेळ लागला नाही. वसंतीमॅडमनी मोगऱ्याचा गजरा काढून अण्णांच्या हातात दिला, जसा आपण खुंटीला देतो, आणि त्या उतरल्या. पद्मा उतरली आणि माझ्या कानाशी लागून म्हणाली, “ह्यात मेंदी आहे का?” वळलेली साडी परत वळली. काकीने सगळ्यांना ओळीत उभे केले, एकीचा हात दुसरीच्या खांद्यावर, आणि ती म्हणू लागली, “डावा दाब, उजवा दाब, टाच नको, पंजा दाब.” पहिल्यांदा प्रत्येकीचा डावा वेगळा निघाला. वसंतीमॅडमनी ‘एक, दोन’ मोजून पाहिले, काकी म्हणाली, “मोजू नगं बाय, ऐक.” आणि हळूहळू ते जमले. मी आजवर पुष्कळ छंद वाचले, थोडे लिहिलेही. पण गण आणि मात्रा पायांना कुठे भेटतात हे मला त्या चिखलात कळले. पंजा बसतो तेव्हा एक ठाम, दबका नाद होतो. उचलतो तेव्हा माती बोटांच्या बेचक्यांतून पुन्हा वर येते, कोमट, थोडी गुदगुल्या करणारी. आणि सगळे पाय एकदम उचलले जातात तेव्हा माती क्षणभर काहीच बोलत नाही. त्या न बोलण्यात सगळ्याजणी हसत होत्या.

अण्णा चोपणे घेऊन दारात उभे होते. “मी कडा तरी ठोकतो,” ते म्हणाले.

“पुरसाचा पाय जड परतो,” काकी म्हणाली. “तुमी पन्हं द्या.”

त्या दिवशी आमच्या घरचे चैत्रातले हळदीकुंकू असे झाले की अण्णांनी गळ्यात मोगऱ्याचा गजरा अडकवून बायकांना पन्हे आणि आंब्याची डाळ वाटली, ती सगळ्याजणींनी चिखलातच उभ्याने खाल्ली, आणि घोडकेबाई दुसरी वाटी मागताना म्हणाल्या, “डाळीत मीठ कमी हाय. अंगणातलं घाला की.” अण्णा इतके हसले की माठ कलंडता कलंडता राहिला. भिंतीपलीकडून घोडक्यांनी “जरा हळू” म्हटले, आणि घोडकेबाईंनी तिथूनच त्यांना जे उत्तर दिले ते मी इथे लिहिणार नाही.

उजेड उतरला तेव्हा तळ बसला होता. काकीने त्यावर टाच दाबून पाहिली. खळगा पडला नाही. बायका आमच्या पायरीवर, बाजेवर, कुंपणाच्या कट्ट्यावर मिळेल तिथे बसल्या होत्या, सगळ्यांचे पाय घोट्यांपर्यंत लाल, जणू एकाच लग्नाहून आलेल्या. आईने हळदीकुंकवाची कोयरी आणली आणि ती एकेकीपुढे वाकू लागली. मी मोजायला गेले नाही. अण्णा मोजत होते, ओठ हलताना दिसत होते, आणि बाराच्या पुढे गेल्यावर त्यांनी मोजणे सोडून दिले.

सातला दहा मिनिटे होती. मी पाय न धुताच चपलांत सरकवले आणि आईजवळ गेले. ती घोडकेबाईंच्या कपाळाला हळद लावत होती आणि त्या तिला काहीतरी सांगत होत्या, त्यांच्या गावच्या कुठल्या जत्रेबद्दल, न थांबता.

“आई, मामा फोनपाशी थांबला असेल. खोलीचं काय सांगू?”

तिने वर पाहिले नाही. करंगळीशेजारचे बोट कुंकवात बुडवले, घोडकेबाईंच्या भुवयांमध्ये नीट टेकवले, आणि त्या बोलायच्या थांबू नयेत म्हणून त्यांच्याकडेच मान हलवत, बाजूच्या बाजूला मला म्हणाली,

“सोडली.”